मानमोडीची पुस्तके



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीवरच आम्ही काहीतरी बोलू अशी त्यांची अटकळ होती. आम्ही ‘१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझावरील पुस्तके’ असे कळविले. त्यावर चिटणीसांनी फोन करून, विषय लिहिताना आमची काही चूक तर झाली नाही ना, याची खात्री करून घेतली. चूक झाली नव्हती. आम्ही डॉक्टर नव्हे, इतिहासाचे प्राध्यापकही नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचन सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत रात्री दिवा लावून झालेले. परंतु या विषयाकडे आम्हांला एका हजेरीपटाने ओढून नेले. ती हकीकत आधी सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे उमगणार नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट आली, तेव्हा आमच्या युनियनमधले काही कंत्राटी सफाई कामगार दगावले. घरच्यांना काही भरपाई मिळावी म्हणून आम्ही अर्ज लिहावयास बसलो. पुरावा म्हणून कंत्राटदाराकडचा हजेरीपट मागविला. त्या पटात मेलेला एकही माणूस नव्हता. मरणाच्या दिवसापासून पुढे नावासमोर ‘गैरहजर’ अशी खूण, आणि महिना उलटल्यावर शेरा : ‘काम सोडले’. कारकुनाला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “आमच्या पटावर कोणी वारलेले नाही, साहेब.” आम्ही घरोघर फिरून यादी केली, ती अकरा नावांची झाली. त्या रात्री मनात आले की, शंभर वर्षांपूर्वी याहून कितीतरी मोठी साथ आली होती. त्या वेळचा हजेरीपट कोणी लिहिला असेल?

त्या साथीचे नाव आमच्या कानावर लहानपणापासून होते. आमची आजी स्वतःचे वय कधी आकड्यात सांगत नसे. “मानमोडीच्या साली मी पाळण्यात होते,” एवढेच सांगे. तिची आई त्याच साथीत गेली. मानमोडी म्हणजेच पुस्तकांतला ‘स्पॅनिश इन्फ्ल्यूएंझा’, हे आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळले.

स्पेनचे नाव या रोगाला विनाकारण चिकटले. महायुद्धात उतरलेल्या देशांनी वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या होत्या. स्पेन तटस्थ होता, तिथे छापायला बंदी नव्हती, आणि खुद्द राजा अल्फोन्सो आजारी पडल्याची बातमी फुटली. ज्याने खरे छापले त्याच्याच माथी रोग बसला. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कान्सासच्या लष्करी छावणीत शेकडो शिपाई तापाने पडले होते, त्याचा मात्र फारसा गवगवा झाला नाही.

मुंबईत रोग बोटीने आला. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळच होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. त्याच वर्षी पाऊस बुडाला होता, धान्याचे भाव कडाडले होते, आणि गिरणगावात एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे नांदत होती. रोगाचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ पासून एका जंतूवर आळ होता, तो खोटा निघाला. माणसातला इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली.

आता पुस्तकांकडे वळतो. आमच्या वाचनात या विषयावरचे पहिले पुस्तक आले ते आल्फ्रेड क्रॉस्बी या अमेरिकन इतिहासकाराचे. ते १९७६ साली निघाले आणि १९८९ साली ‘अमेरिकाज फरगॉटन पँडेमिक’ म्हणजे ‘अमेरिकेची विसरलेली साथ’ अशा नावाने पुन्हा छापले गेले. पौने सात लाख अमेरिकन माणसे मेली, आणि तरी त्या राष्ट्राच्या स्मरणात तिचा मागमूस राहिला नाही, हे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न मोठा खरा. नंतर २००४ साली जॉन बॅरी यांचे ‘द ग्रेट इन्फ्ल्यूएंझा’ आले. हे पुस्तक जाड आहे, पण सुटत नाही. त्यातले फिलाडेल्फियाचे प्रकरण तर प्रत्येक नगरपित्याने वाचावे. २८ सप्टेंबर १९१८ रोजी तिथे युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. साथ शहरात शिरली आहे हे डॉक्टरांना दिसत होते, मिरवणूक रद्द करा असे सांगणारेही होते. आरोग्याधिकाऱ्याने ऐकले नाही. थोड्याच दिवसांत इस्पितळे भरली, आणि पुढे प्रेतांना पेट्या मिळेनात. लॉरा स्पिनी यांचे ‘पेल रायडर’ २०१७ चे. यात लेखिका अमेरिका-युरोपाच्या बाहेर पडून चीन, इराण, ब्राझील, हिंदुस्थान इथवर फिरते, म्हणून ते आम्हांला जवळचे वाटले. एक तक्रार मात्र आहे, आणि ती एका पुस्तकापुरती नाही. १९१८ साली गांधीजींना इन्फ्ल्यूएंझा झाला होता, असे पुष्कळ ठिकाणी ठोकून दिलेले आढळते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत त्या आजाराचे सविस्तर वर्णन केले आहे, आणि ते हगवणीचे आहे. मूळ पुस्तक उघडण्याची तसदी घेतली असती तर ही चूक टळली असती.

पण या विषयाचे खरे मर्म जाड पुस्तकांत नाही; ते आकड्यांच्या कोरड्या लेखांत आहे. सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांचा प्राथमिक अहवाल १९१९ साली निघाला. त्यात हिंदुस्थानातले मृत्यू सुमारे साठ लाख धरले होते. दोनच वर्षांनी शिरगणती झाली, आणि जितकी माणसे असावयास हवी होती तितकी भरेनात. तेव्हा आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला. १९२७ साली अमेरिकेत एडविन जॉर्डन यांनी साऱ्या जगाचा हिशेब मांडला, तो दोन कोटी पंधरा लाखांचा, आणि त्यात अर्ध्याहून अधिक वाटा एकट्या हिंदुस्थानचा. किंग्सले डेव्हिस यांनी १९५१ साली हिंदुस्थानचाच आकडा दोन कोटींच्या आसपास नेला. १९८६ साली आय. डी. मिल्स यांनी सगळे कागद पुन्हा तपासून एक कोटी सत्तर ते ऐंशी लाख असा अंदाज दिला. २०१२ मधल्या एका अभ्यासाने ब्रिटिश मुलखापुरता आकडा एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास खाली आणला, तर चिन्मय तुंबे यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात तो पुन्हा दोन कोटींवर नेला. जगाचा आकडाही असाच फुगत गेला. २००२ साली तो पाच कोटींवर पोहोचला.

श्रोतेहो, हा नुसता गणिताचा घोळ नव्हे. साठ लाख आणि दोन कोटी यांत जे अंतर आहे ती एक कोटी चाळीस लाख माणसे आहेत, आणि ती पटावर ‘गैरहजर’ आहेत. असे का झाले? गावात मृत्यूची नोंद करणारा पाटील, कुलकर्णी किंवा चौकीदार स्वतःच अंथरुणाला खिळला, नाहीतर मेला. जिथे नोंद झाली तिथेही रोगाच्या रकान्यात ‘ताप’ एवढेच पडले. हिवतापही ताप आणि मानमोडीही तापच. मेलेला माणूस कागदावर आणावयाचा तर तो आणणारा जिवंत असावा लागतो, ही साधी गोष्ट. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या प्रदेशातली लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही. एवढा मोठा खड्डा पडल्यावर मोजणाऱ्यांना तो दिसला.

मुंबईपुरते मात्र एक कोष्टक उपलब्ध आहे. शहरात कोणत्या समाजात दर हजारी किती मेले, याचे ते कोष्टक. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९, आणि सरकारी कागदांत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. विषाणू जात विचारीत नाही, हे खरे. पण खोली, नळ, पोटातले अन्न आणि अंथरुणाला टेकण्याची सवड ही जातीच्या आणि पगाराच्या मापाने वाटलेली असतात. झाडूवाला दोन दिवस निजून राहिला तर तिसऱ्या दिवशी चूल पेटत नसे. हे कोष्टक वाचले त्या संध्याकाळी आम्ही आमची अकरा नावांची यादी त्याच्या शेजारी ठेवली. त्यांच्या पणजोबांपैकी कितीजण त्या ६१.६ च्या रकान्यात असतील, हे आम्हांला सांगता येत नाही. दुसऱ्या रकान्यात फारसे नसतील, एवढे मात्र सांगता येते.

त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांहून बायका अधिक मेल्या, हीही गोष्ट याच लेखांतून कळते. जगात बहुतेक ठिकाणी उलट होते. आजारी माणसाच्या उशाशी बसणारी बाईच, आणि ताटात शेवटी उरेल ते खाणारीही तीच. आजीच्या आईचे काय झाले, त्याचा उलगडा आम्हांला इंग्रजी लेखातल्या एका वाक्याने झाला. असो.

मराठी वाचकाला १८९६-९७ चा प्लेग माहीत आहे. रँडसाहेब, चाफेकर, सावित्रीबाई फुले, आणि आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे यांचे प्लेगमध्ये झालेले निधन, हे सारे आपण पाठ केले आहे. मानमोडीने थोड्या महिन्यांत जितकी माणसे नेली तितकी प्लेगने वीस वर्षांतही नेली नव्हती. तरी प्लेग आठवतो, मानमोडी नाही. आम्हांला वाटते की प्लेगात सरकार घरात शिरले, म्हणून संताप आला, खटले झाले, कागद झाले. मानमोडीत सरकार फिरकलेच नाही. मदत केली ती बहुतांशी सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि जातीजातींच्या मंडळींनी. जिथे भांडण नाही तिथे दप्तरही तयार होत नाही. साहित्यिकांत हिंदीतल्या निरालांनी ‘कुल्ली भाट’मध्ये आपल्या घरातल्या मृत्यूंचे आणि प्रेतांनी भरलेल्या गंगेचे वर्णन केले, अहमद अली यांनी दिल्लीवरच्या कादंबरीत ती साथ आणली. मुंबईवर मृदुला रमण्णा यांचा २००३ मधला अभ्यासपूर्ण लेख आहे, पण तोही इंग्रजीत. मराठीत या साथीला वाहिलेले जाडजूड पुस्तक आमच्या हाती अजून आलेले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्याला डाचते. ऑक्टोबर १९१८ मध्ये गिरणगावात प्रेते निघत होती. जानेवारी १९१९ मध्ये त्याच गिरणगावातले लाखाहून अधिक कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले. मुंबईच्या गिरण्यांतला हा पहिला सार्वत्रिक संप. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९२० मध्ये, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक याच शहरात स्थापन झाली. आम्ही कामगार चळवळीवरची जी पुस्तके वाचली त्यांत संप आहे, महागाई आहे, गिरणीमालकांचा युद्धकाळातला नफा आहे; साथ बहुधा एका ओळीत आटपते. साथीवरच्या पुस्तकांत साथ आहे, संप नाही. साथीमुळेच संप झाला असे आम्ही म्हणत नाही. महागाईच त्याला पुरेशी होती. पण ज्याने तीन महिन्यांपूर्वी खोलीतली दोन माणसे सोनापुरात पोहोचविली, तो फाटकाबाहेर उभा राहताना काय मनात घेऊन उभा राहिला असेल, हे शोधावयास नको काय? आम्ही पंचवीस-तीस वर्षे फाटकाबाहेर उभे राहिलो आहोत. माणूस नुसत्या पैशांसाठी इतका वेळ उभा राहत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या यादीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. अकरांपैकी सहा घरांना पैसे मिळाले. बाकीची पाच प्रकरणे ‘काम सोडले’ या शेऱ्यावर अडून आहेत, आणि पुढची तारीख जूनमध्ये आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी १९१८-१९ सालच्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, गावचे जुने कागद असतील, किंवा आजी-आजोबांनी सांगितलेली मानमोडीची एखादी आठवण असेल, तर ती आम्हांला दाखवावी किंवा सांगावी. रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही युनियनच्या कचेरीत असतो. येताना नाव, गाव आणि नाते लिहून आणले तर बरे. आम्ही एक वही घातली आहे, तिच्यात आजपर्यंत चौदा नावे झाली आहेत. पहिले आजीच्या आईचे आहे.