मोटारीची खिडकी : कातडी पट्ट्यापासून विजेच्या कळीपर्यंत

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागांत, किनवट तालुक्यांत, इस्लापूर हें गांव आहे. त्याच्या जवळच पैनगंगा नदी सहस्रकुंड येथें काळ्या खडकांवरून अनेक धारांनीं खालीं कोसळते. एका बाजूस मराठवाडा आणि दुसऱ्या बाजूस विदर्भ, अशी ही सीमेवरची जागा. पावसाळ्यांत धबधबा पाहण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें मोटारींतून तिकडे जातात. अशा मुलुखांत वाटेवर ओढे-नाले लागतात आणि त्यांवरचे बुटके फरशी-पूल एखाद्या जोराच्या सरीनें पाण्याखालीं जातात. प्रवासास निघतांना मोटारीचा मालक चाकांतील हवा पाहतो, ब्रेक पाहतो, पेट्रोल पाहतो. खिडकी मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. जुन्या गाडीची विजेची खिडकी अडकलेली असली, तर ‘पुढें केव्हां तरी बघूं’ असें म्हणून ती तशीच ठेवण्यांत येते. खिडकी ही खरोखरच इतकी क्षुल्लक वस्तु आहे काय? तिचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचें उत्तर निराळें येतें.

पहिल्या मोटारींना खिडक्याच नव्हत्या. घोड्याच्या गाडीचा घोडा काढून तेथें यंत्र बसवावें, असेंच त्यांचें रूप होतें. पाऊस आला तर वर टप ओढावयाचा आणि बाजूंना मेणकापडाचे पडदे लावावयाचे. श्रीमंतांसाठीं बंद गाड्या बांधल्या जात व त्यांना कांचा असत. परंतु कांच वर-खालीं करण्याची युक्ति घोडागाडी व आगगाडी यांच्याकडूनच उसनी घेतलेली होती. कांचेच्या खालच्या कडेस एक रुंद कातडी पट्टा लावलेला असे आणि त्या पट्ट्याला ओळीनें भोंकें पाडलेलीं असत. पट्टा ओढला कीं कांच वर येई. हवें तें भोंक दाराच्या खुंटीवर अडकविलें कीं ती तेथें थांबे. पट्टा सोडला कीं ती स्वतःच्या वजनानें दाराच्या पोकळींत उतरे. या योजनेंत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. पट्टा तुटला तरी कांच खालीं जाई, म्हणजे खिडकी उघडी राही. पुढील हकीकत समजण्यासाठीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९२० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंत उघड्या गाड्या मागें पडून बंद गाड्यांचा प्रसार झपाट्यानें झाला आणि त्यांच्याबरोबर दाराच्या आंतल्या अंगाचें फिरतें हँडल घरोघर पोंचलें. हँडल फिरविलें म्हणजे दाराच्या पोकळींतील लहान दंतचक्र एका मोठ्या दंतुर पट्टीस हलवी. त्या पट्टीला जोडलेल्या कात्रीसारख्या दोन भुजा उघडत-मिटत आणि कांच वर-खालीं होई. हात थोडा दुखे, वेढे बरेच द्यावे लागत, परंतु यांत मनुष्याच्या बळाखेरीज दुसऱ्या कोणाची मदत लागत नसे. हँडल तुटलें तर आंतील खुंटीला पक्कड लावून कांच उतरविणारे चालक आपल्याकडे पुष्कळांनीं पाहिले असतील.

हे कष्ट वांचविण्याची कल्पना महागड्या गाड्यांच्या कारखानदारांना सुचली. १९४० सालच्या अखेरच्या महिन्यांत पॅकार्ड कंपनीनें पुढील वर्षाचे नमुने म्हणून ज्या गाड्या बाजारांत आणल्या, त्यांपैकीं ‘१८०’ या मालिकेंत कळ दाबून हलणाऱ्या खिडक्या होत्या. १९४१ सालीं फोर्ड कंपनीच्या मोठ्या लिंकन गाड्यांनाहि ती सोय मिळाली. पॅकार्डची योजना निव्वळ विजेची नव्हती. विजेवर चालणारा पंप तेलावर दाब आणी आणि त्या दाबानें कांच हले. महायुद्धानंतर अमेरिकेंत अशा तेलाच्या खिडक्या बऱ्याच गाड्यांना बसविल्या गेल्या. त्यांचा दोष लवकरच दिसून आला. नळीचा सांधा सैल झाला कीं तेल झिरपे, गालिचा भिजे, रंग उडे. १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींत निव्वळ विजेच्या खिडक्या आल्या. तेलाच्या नळ्या गेल्या, तारा आल्या, आणि हीच पद्धति पुढें जगभर रूढ झाली.

सोय आली तिच्याबरोबर धोकाहि आला. हात बाहेर असतांना हँडल फिरविणारा मनुष्य थांबतो, कारण त्याला अडथळा हाताला जाणवतो. विजेच्या मोटरीला तो जाणवत नाहीं. दारावर गुडघा टेकून बाहेर डोकावणाऱ्या मुलाचाच पाय कळीवर पडावा आणि कांचेनें त्याची मान आवळावी, असे अपघात अमेरिकेंत घडले. म्हणून १९७१ पासून तेथें असा नियम झाला कीं, सर्वसाधारणपणें गाडीची किल्ली फिरविलेली असल्याशिवाय या खिडक्यांना वीज मिळूं नये. नियम योग्यच होता. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा कीं, वीज नाहीं तर खिडकीहि नाहीं.

आपल्या देशांत हा प्रश्न पुष्कळ काळ उद्भवलाच नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं मोटारी बाहेर पडूं लागल्या. त्या कंपनीची पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, आणि १९८३ च्या डिसेंबरांत आलेली मारुति ८०० या गाड्यांवर मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाढल्या, आणि त्या पिढ्यांना खिडकी म्हणजे हँडल एवढेंच ठाऊक होतें. १९९१ सालीं आर्थिक धोरण बदललें, नवे कारखानदार आले, आणि ‘पॉवर विंडो’ हा शब्द जाहिरातींतून घरांत शिरला. हँडल हें गरिबीचें आणि कळ हें प्रगतीचें चिन्ह ठरलें. या चिन्हाची परीक्षा एका मंगळवारीं झाली.

तो दिवस म्हणजे २६ जुलै २००५. त्या दिवशींच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाबा येथें मात्र त्याच काळांत पाऊणशे मिलिमीटरहि पाऊस झाला नाहीं. मिठी नदी फुगली, रस्त्यांवर वाहनांच्या रांगा जागच्या जागीं थिजल्या, आणि पाणी चढत गेलें. मुंबई व आसपासच्या प्रदेशांत शेंकडों माणसें दगावलीं. त्यांत कांहीं अशीं होतीं कीं, तीं पुरांत वाहून गेलीं नाहींत किंवा दरडीखालीं सांपडलीं नाहींत. स्वतःच्या मोटारींत, कांचा लावून, पाऊस ओसरण्याची वाट पाहत बसलेलीं असतांना तीं गुदमरून मरण पावलीं. पाण्यानें विजेची व्यवस्था निकामी झाली, कुलपें उघडेनात, कांचा उतरेनात. त्यानंतर मुंबईंत मोटारींत हातोडी ठेवण्याचें वेड निघालें, आणि कांहीं काळानें तें ओसरलेंहि. १ जुलै २०१९ च्या रात्रीं मालाडच्या भुयारी रस्त्यांत पाणी भरलें, तेव्हां मोटारींत अडकलेल्या दोघांचा पुन्हा तसाच अंत झाला.

दार उघडून बाहेर कां पडतां आलें नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. त्याचें उत्तर शाळेंतल्या गणितांत आहे. दार एक मीटर रुंद आहे, बाहेर पाणी दाराच्या तळापासून साठ सेंटिमीटर चढलें आहे आणि आंत अद्याप शिरलेलें नाहीं, असें समजावें. तेव्हां त्या दारावर पाण्याचा एकंदर दाब सुमारें १८० किलो वजनाइतका पडतो. बिजागरीपासून दूरच्या कडेवर जोर लावला तरी निदान ९० किलोंचा रेटा हवा, आणि तोहि बसल्या बैठकीवरून. धट्ट्याकट्ट्या पुरुषालासुद्धां हें अवघड, मग वृद्धांची व मुलांची कथा काय? पाणी कांचेपर्यंत पोंचण्यापूर्वीं खिडकी उतरविणें, हाच त्या वेळीं खरा मार्ग असतो. पट्ट्याची कांच पट्टा सोडतांच उघडत असे. हँडलची कांच हाताच्या बळानें उतरे. विजेची कांच मात्र जेथें असेल तेथेंच राहते, कारण मोटरीच्या मळसूत्री दांत्याची रचनाच अशी असते कीं, वीज गेल्यावर बाहेरून कितीहि दाबलें तरी कांच हलूं नये. चोरापासून रक्षण करणारा हा गुण संकटांत वैरी होतो.

म्हणूनच जुन्या गाडीच्या खिडकीची दुरुस्ती हा केवळ सोयीचा विषय नव्हे. तिचे आजार मोजकेच आहेत. कळ दाबल्यावर आवाजच होत नसेल, तर फ्यूज गेलेला असतो, कळींतील ताम्रबिंदु काजळलेले असतात, किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळींतील तार दाराच्या रोजच्या उघडझांपीनें आंतल्या आंत तुटलेली असते. मोटर घरघरते पण कांच हलत नाहीं, अशा वेळीं ओढतार तुटलेली किंवा दांते झिजलेले असतात. कांच कुरकुरत चढते, मध्येंच थांबते आणि थोड्या वेळानें पुन्हां चालूं लागते, हा तिसरा प्रकार. येथें मोटर बहुधा निर्दोष असते. कांच ज्या खांचेंतून सरकते तेथील रबर उन्हानें व धुळीनें सुकून कडक झालेलें असतें, घर्षण वाढतें, मोटर तापते आणि तिच्यांतील उष्णतारक्षक पट्टी वीज तोडते. रबर साफ करून सिलिकोनचा हात फिरविला, अथवा फार झालें तर रबर बदललें, कीं काम होतें. नव्या मोटरीचा खर्च वांचतो. दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोंकें चिखलानें बुजलेलीं असतील तर तींहि मोकळीं करावीं, नाहीं तर दारांत सांचलेलें पाणी नव्या यंत्रालाहि गंज चढवितें.

यंत्र खरोखर गेलें असेल तर तें संपूर्ण बदलणें बरें. गॅरेजवाले त्याला ‘ग्लास मशीन’ म्हणतात. ज्या गाडीचें उत्पादन बंद झालें आहे, तिचें मशीन कुर्ल्यासारख्या ठिकाणच्या भंगारबाजारांत शोधावें लागतें. मात्र डाव्या दाराचें मशीन उजव्यास चालत नाहीं. त्याच गाडीच्या स्वस्त नमुन्याला हँडल असेल, तर तें बसवून घेणें हा मार्गहि कमीपणाचा मानूं नये. एकच गोष्ट कटाक्षानें टाळावी. सुटा भाग मिळेपर्यंत कांच हातानें वर ढकलून आंतून लांकडाची पाचर ठोकावयाची, असा एक झटपट उपाय सर्वत्र प्रचारांत आहे. पाऊस आंत येत नाहीं, मालक समाधान पावतो, आणि ती पाचर वर्षानुवर्षें तशीच राहते. पट्टा तुटल्यावरहि जी खिडकी उघडी राहत असे, ती शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर एका लांकडाच्या तुकड्यानें कायमची मिटविली जाते.

१ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर पहिली एस्. टी. धांवली. तिच्या पुढच्या पिढ्यांतील गाड्यांवर ‘संकटकाळीं बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरें महाराष्ट्रांतील लहानथोरांनीं इतक्या वेळां वाचलीं आहेत कीं, त्यांचा अर्थ आतां कोणाच्या मनांत उमटत नाहीं. घरच्या मोटारीवर तीं अक्षरें लिहिलेलीं नसतात. परंतु ती जागा तेथेंहि आहे, आणि ती खिडकीचीच आहे. मृगाच्या सरी येण्यापूर्वीं छपराचीं कौलें चाळण्याची रीत आपल्या घरांत होती. त्याच दिवसांत मोटारीच्या चारहि कांचा एकदां खालीं-वर करून पाहाव्या, आणि जी उतरत नाहीं तिच्यासाठीं मिस्त्रीला बोलवावें. फरशी-पुलावर पाणी दिसलें तर गाडी अलीकडेच थांबवावी, हें तर त्याच्याहि आधींचें शहाणपण.