प्रशिक्षकाचा शब्द : अमेरिकी विद्यापीठांतील खेळाडूभरतीचा पूर्वेतिहास

1852 साली न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर झालेली हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी मिळावेत या हेतूने उचलला होता, त्यामुळे या क्रीडापरंपरेत हौस आणि बाजार आरंभापासूनच एकत्र नांदले, असे म्हणावे लागते. पुढे अमेरिकन फुटबॉलची लोकप्रियता वाढली, तसे गुणी खेळाडू हेरून पैशाच्या वा नोकरीच्या आमिषाने आपल्याकडे वळवणे रूढ झाले, आणि हा व्यवहार किती सर्वदूर पसरला होता ते कार्नेगी प्रतिष्ठानच्या 1929 च्या अहवालाने उघड केले.

1950 च्या दशकात दोन वाटा फुटल्या. एनसीएए या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने केवळ खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास मुभा दिली, तर पूर्वेकडील आठ विद्यापीठांनी, म्हणजे आयव्ही लीगने, 1954 च्या कराराने तशी शिष्यवृत्ती नाकारली. हा नकार दिसतो तितका निर्मळ नव्हता. देण्याजोगा पैसा हाती नसल्याने प्रशिक्षकाकडे प्रवेश हेच चलन उरले: तो पसंतीच्या खेळाडूंची यादी प्रवेश कार्यालयाकडे देतो, आणि कार्यालय काहींना ‘लाइकली लेटर’, म्हणजे अधिकृत निकालापूर्वीच प्रवेशाची जवळजवळ हमी देणारे पत्र, पाठवते. प्रवेशपद्धतीवरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात 2018 साली मांडलेल्या आकडेवारीनुसार भरती केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता.

प्रशिक्षकांची चढाओढ आवरण्यासाठी एनसीएएने त्यांनी विद्यार्थ्याला केव्हा फोन करावा, केव्हा पत्र लिहावे, केव्हा भेटावे याच्या तारखा ठरवून दिल्या. परंतु ही बंधने बहुतांशी प्रशिक्षकावर होती, विद्यार्थ्यावर नव्हती. त्यामुळे पहिले पत्र लिहिणे, त्यात परीक्षेतील गुण, स्पर्धेतील वेळा, खेळाची चित्रफीत आणि आगामी सामन्यांचे वेळापत्रक देणे हे शाळकरी मुलाचेच काम होऊन बसले, आणि उत्तर न आल्यास ते नापसंतीमुळे की नियमामुळे, हे त्याला कळत नसे. जाणकारांनी पळवाटही शोधली: विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने विद्यार्थ्याच्या क्लबच्या प्रशिक्षकामार्फत निरोप धाडायचा आणि विद्यार्थ्याने आपणहून फोन करायचा. लॅक्रॉससारख्या खेळात तर आठवी-नववीतील मुलेही विद्यापीठांना तोंडी शब्द देऊ लागली. अखेर 2017 मध्ये लॅक्रॉससाठी अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी, आणि 2019 मध्ये इतर बहुतेक खेळांसाठी दहावीनंतरच्या 15 जूनपूर्वी दोन्ही बाजूंचा संवाद बंद करण्यात आला.

त्याच 2019 सालच्या मार्चमध्ये, न खेळणाऱ्या मुलांनाही लाच घेऊन खेळाडू म्हणून यादीत घालणारे काही प्रशिक्षक पकडले गेले. संपर्काच्या तारखांवर इतकी वर्षे खल झाला, पण यादीतील नावाबाबत प्रवेश कार्यालये प्रशिक्षकाच्या शब्दावरच विसंबून राहिली होती; ती यादी क्रीडासंचालकाने आधी तपासावी, अशी तरतूद येलने केली ती या प्रकरणानंतर.