वकिलाच्या ऑफिसातला रविवार



आपल्या बचत गटांतल्या कितीतरी घरांतल्या मुली आता वकिली शिकू लागल्या आहेत. कुणी तालुक्याच्या कोर्टात सिनियर वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बसते, कुणी मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये लागते. बैठकीत त्यांच्या आया विचारतात, "ताई, कायदा शिकलेल्या पोरींनाच सुट्टी कशी नाही? रात्री दहाला फोन केला तरी ऑफिसातच!" या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं. आज तोच इतिहास आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहोत.

सुरुवात रविवारपासून करू. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत झालेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. म्हणजे रविवार कुणी दया म्हणून दिला नाही. तो मागितला गेला आणि मग कागदावर आला.

त्या काळी वकिलीच्या ऑफिसात बाईच नव्हती. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण सनद मिळायला त्यांना १९२१ साल उजाडलं, तीही अलाहाबादला. त्याआधी १९१६ साली कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांचा अर्ज त्या बाई आहेत म्हणून फेटाळला होता. पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही तसाच नकार मिळाला. अखेर १९२३ साली कायदा झाला आणि बाई असणं ही सनदेतली अडचण राहिली नाही. त्याच वर्षी मिठन टाटा लंडनला बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. लग्नानंतर त्या मिठन लाम म्हणून ओळखल्या गेल्या.

दार उघडलं, पण आतली घडी तीच राहिली. सकाळी अशिलांची गर्दी, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पुन्हा चेंबर, रात्री दुसऱ्या दिवसाच्या बोर्डाची तयारी. हे वेळापत्रक ज्याच्या घरी जेवण, मुलं, म्हातारी माणसं दुसरं कुणी बघतं, अशा पुरुषासाठी बसलेलं होतं. बाई वकील झाली, तरी तिच्या घरचं काम कुणी काढून घेतलं नाही.

आता मोठ्या फर्मची गोष्ट. तिथली बरीच रीत अमेरिकेतून आली. बोस्टन शहरात रेजिनाल्ड हेबर स्मिथ नावाचे वकील होते. गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेत त्यांनी काम केलं होतं. पुढे १९१९ पासून एका फर्मचा कारभार बघताना त्यांनी वकिलांना वेळेचा हिशेब लिहायला लावला. तासाचे दहा भाग, म्हणजे सहा-सहा मिनिटांची नोंद. कुठल्या कामाला किती खर्च येतो, हे त्यातून कळायचं. १९५८ साली तिथल्या वकिलांच्या संघटनेने एक पुस्तिका काढली. वकिलांची कमाई डॉक्टरांच्या मागे पडतेय, तेव्हा तासाचा हिशेब नीट ठेवा, असा तिचा सांगावा होता. वर्षाला १३०० तासांचं बिल लागेल, असा अंदाज त्यात होता. आज तिथल्या अनेक मोठ्या फर्म १८०० ते २००० तासांची अपेक्षा धरतात. आणि हे फक्त बिलात लागणारे तास. चहा, जेवण, नवीन माणसाला शिकवणं, बैठका, हे सगळं त्याच्या बाहेर. तास विकायची वस्तू झाली की जो उशिरापर्यंत बसतो तो चांगला ठरतो. पाच वाजता पाळणाघरातून मूल आणायला निघालेली बाई मागे पडते, तिचं काम कितीही चोख असो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कामगार कायदे आहेत ना? इथेच मेख आहे. केरळमध्ये एका वकिली फर्मच्या कारकुनाचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९८४ साली कोर्टाने सांगितलं की वकिलाचं ऑफिस हे त्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातलं व्यापारी आस्थापन नाही. दुसरी गोष्ट, बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली करणाऱ्याला कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. वकिलाने कुणाचं मिंधं असू नये, असा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे फर्ममधली वकील कागदोपत्री नोकर नसते, ती ठरावीक फी घेणारी असते. २०१७ साली बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आलं. हे सगळं नोकरदार बाईसाठी. फी घेणारीला ते मिळेल की नाही, हे बरंचसं तिच्या करारावर आणि वरच्यांच्या मर्जीवर राहतं.

ज्युनिअरची स्थिती त्याहून नाजूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं, असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही.

एक कायदा मात्र मुलींनी पक्का लक्षात ठेवावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार मिळतो की नाही हे विचारत नाही. शिकाऊ, कंत्राटी, बिनपगारी, सगळ्या त्यात येतात. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

मैत्रिणींनो, आपल्या गटात आपण बोलण्यावर भागवतो का? ठराव लिहितो, सह्या घेतो, मगच पैसा हलतो. आपल्या लेकींनाही तेच सांगू या. कामाला लागताना विचार: महिन्याला किती मिळेल, रविवार मोकळा की नाही, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय कुणाची, बाळंतपणात जागा राहील का? जे ठरेल ते लेखी घे. "नवीन आहेस, हे विचारू नकोस," असं कुणी म्हणेल. १८९० च्या सभेत बोललेल्या त्या दोघी तर गिरणीत राबणाऱ्या बाया होत्या. त्या बोलल्या, मग आपल्या कायदा शिकलेल्या लेकींनी का गप्प राहायचं?

आणि घरी आल्यावर तिच्या हातात लगेच पोळपाट देऊ नका. ते काम घरातल्या मुलालाही येऊ द्या.