जुनं काचेचं झुंबर दुसऱ्या गावी पाठवायचंय? ते न फुटता आणि कमी खर्चात पोहोचवण्याची पद्धत

वाडा पाडून तिथे इमारत होणार असते, गावचं घर विकलं जातं, किंवा मुंबईच्या चोर बाजारात मनासारखं झुंबर मिळतं. हंड्या-झुंबरं घ्यायला माणसं तयार असतात. प्रश्न पुढचा असतो. वीस-पंचवीस किलोचं, हात लावताच किणकिणणारं हे प्रकरण पुण्याहून नागपूरला न्यायचं कसं? कुरिअरवाले "काच घेत नाही" म्हणतात आणि पॅकर्स-मूव्हर्सचा आकडा ऐकून झुंबर नकोसं वाटायला लागतं.

यावरचा उपाय झुंबराच्या घडणीतच आहे. बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या कंपनीची झुंबरं एकोणिसाव्या शतकात जहाजाने भारतात आली, ती सुट्या भागांच्या पेट्यांमधून. इथे आल्यावर ती जोडली गेली. झुंबर मुळात सुटं होण्यासाठीच बनवलेलं असतं. ते सुटं केलं की फुटण्याचा धोकाही कमी होतो आणि भाडंही.

भाडं वजनावर नाही, जागेवर लागतं

कुरिअर आणि कार्गो कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या मापावरून काढलेलं, ज्याला 'व्हॉल्यूमेट्रिक वजन' म्हणतात. या दोनपैकी जे जास्त, त्यावर भाडं. हवाई कुरिअरसाठी रूढ सूत्र असं : लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले 5000. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी भाजक वेगळा असू शकतो, म्हणून बुकिंगआधी तो विचारून घ्या.

एक उदाहरण पाहू. जोडलेलं झुंबर 90 × 90 × 100 सेंटिमीटरच्या पेटीत बसवलं, तर हिशोब येतो 162 किलो. पेटीसकट खरं वजन 45 किलो असलं तरी पैसे 162 किलोचे.

तेच झुंबर सुटं केलं :

- धातूची दांडी, साखळी, कड्या : 100 × 30 × 30 ची पेटी. मापाने 18 किलो, काट्यावर 22. भाडं 22 किलोचं.
- काच : 60 × 50 × 50 चे दोन खोके. मापाने प्रत्येकी 30 किलो. भाडं 60 किलोचं.

एकूण 82 किलो, म्हणजे जवळपास निम्मं. आणि काचेचे खोके स्वतःच्या गाडीतून नेले, तर फक्त 22 किलोचं भाडं उरतं.

आधी ठरवा, सगळ्यात जास्त काय जपायचं?

झुंबराचे सगळे भाग सारख्या मोलाचे नसतात. लोलक आणि वाट्या तुटल्या तर मिळत्याजुळत्या सापडू शकतात. उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादला आजही झुंबरं आणि त्यांचे सुटे भाग बनतात. पण कोरीवकाम केलेली किंवा रंगीत जुनी हंडी फुटली, तर तिची जोडी मिळणं जवळपास अशक्य. काचेच्या वळणदार फांद्यांचंही तेच. म्हणून चांगलं सामान, मोठी जागा आणि जास्त वेळ आधी हंड्यांना आणि फांद्यांना द्या. लोलकांचं नंतर बघता येईल.

झुंबर सुटं कसं करायचं?

1. घरातला मेन स्विच बंद करा. जुन्या वायरींवरचं कापडी आवरण झडलेलं असतं. वायर सोडवण्याचं काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या.

2. झुंबर टांगलेलं असतानाच चारही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो काढा. एक सलग व्हिडिओही घ्या. पुन्हा जोडताना हाच नकाशा आणि नुकसानभरपाई मागताना हाच पुरावा.

3. लोलकांच्या माळा आधी उतरवा. प्रत्येक लोलकाची तार सोडवू नका. माळ अख्खी काढा आणि ती कुठल्या फांदीची हे चिठ्ठीवर लिहा.

4. मग हंड्या आणि वाट्या. हंडीच्या गळ्याशी धातूची कडी असते, ती सोडवून वेगळी ठेवा. प्रवासात काच फुटायला तीच कारण ठरते.

5. शेवटी फांद्या. अनेक जुन्या झुंबरांत फांदीच्या टोकावर आणि मधल्या खोबणीजवळ जुळत्या खुणा कोरलेल्या असतात. फांद्यांची अदलाबदल झाली तर त्या नीट बसत नाहीत. खुणा नसतील तर कागदी टेपवर आकडे लिहून चिकटवा.

फांदी पिरगळून काढू नका. काचेची फांदी पितळी टोपीत प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असते. जुनं प्लास्टर ठिसूळ झालेलं असतं आणि जोर लावला की काच टोपीजवळच तडकते. फांदी दोन्ही हातांनी, टोपीला धरून, सरळ वर उचला. हलत नसेल तर झुंबर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवा. त्याची एक दिवसाची मजुरी एका फांदीपेक्षा स्वस्त पडते.

पॅकिंग : काच काचेला लागता कामा नये

खोक्याला बाहेरून बसणारा धक्का दिसतो, म्हणून आपण त्याचीच काळजी करतो. खरं नुकसान आत होतं. खोक्यात मोकळी राहिलेली वस्तू रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यागणिक शेजारच्या वस्तूवर आपटत राहते. म्हणून पहिला नियम : धातू आणि काच एका खोक्यात कधीच नको. दुसरा नियम : आत काहीही हलता कामा नये.

हंडी : आधी मऊ मलमल किंवा कोरा पातळ कागद गुंडाळा. वर्तमानपत्र थेट लावू नका, सोनेरी नक्षीवर शाई उतरते. मग बबल रॅपचे दोन-तीन थर. हंडीच्या आत कागदाचे सैल बोळे भरा, पण दाबून नाही. गळा आणि काठ यांना जास्तीचा थर द्या, कारण काच तिथेच पातळ असते. खोक्यात हंडी आडवी न ठेवता उभी ठेवा आणि प्रत्येक हंडीला पुठ्ठ्याचा वेगळा कप्पा करा.

फांद्या : फोमच्या जाड तुकड्यात फांदीच्या वळणाप्रमाणे खाच कापा आणि फांदी त्यात आडवी बसवा. तिच्यावर दुसरं काहीही नको.

लोलक : अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कामाला येतात. एका खळग्यात एक लोलक, वर कागद, मग दुसरा ट्रे. माळा असतील तर कागदात सपाट गुंडाळा.

खोक्यात खोका : आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर जागा सोडा आणि ती फोमने भरा. थर्माकोलचे बारीक गोळे प्रवासात खाली बसतात आणि वर पोकळी राहते. खोका बंद केल्यावर हलक्या हाताने हलवा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.

वजन : काचेचा एक खोका 10-12 किलोच्या आत ठेवा. एका माणसाला सहज उचलता येणारा खोका उचलला जातो. जड खोका ढकलला जातो किंवा टाकला जातो.

धातूचे भाग : जुन्या चादरीत गुंडाळून प्लायवुडच्या पेटीत. पेटी खिळ्यांनी नाही, स्क्रूने बंद करा, म्हणजे ती ठोकाठोकी न करता उघडता येते. उचलायला दोन्ही बाजूंना दोरीच्या मुठी लावा.

'काच, जपून' हे मराठी आणि हिंदीत चारही बाजूंना लिहा, वरच्या दिशेचा बाण काढा. मात्र त्या स्टिकरवर विसंबू नका. खोका एकदा उलटा पडेल असं धरूनच भरा.

कुठल्या मार्गाने पाठवायचं?

अंतरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की खोका किती वेळा चढवला-उतरवला जाणार?

- स्वतःची गाडी : काचेसाठी सगळ्यात सुरक्षित. मागच्या सीटवर गादी किंवा रजई घालून खोके ठेवा. वर काही ठेवू नका.
- रेल्वेने सोबत : स्लीपर आणि थ्री-एसीत माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं. स्लीपरमध्ये पेटीचं माप 100 × 60 × 25 सेंटिमीटरपर्यंत चालतं. लोलक, वाट्या आणि बऱ्याचदा फांद्याही यात बसतात. मोठ्या हंड्या बसत नाहीत.
- परतीचा टेम्पो : माल उतरवून रिकामा परतणारा टेम्पो कमी भाड्यात मिळू शकतो. तुमच्या दारातून थेट त्या दारात, मध्ये गोडाऊन नाही. सगळं एकत्र पाठवायचं असेल तर हा उत्तम मध्यममार्ग.
- ट्रान्सपोर्टचा सुटा माल : स्वस्त, पण वाटेत गोडाऊनमध्ये गाड्या बदलतात. धातूच्या पेटीला चालेल, हंड्यांना नको.
- रेल्वे पार्सल : फलाटावरची चढ-उतार पाहिली असेल तर काच द्यायची इच्छा होणार नाही. धातूसाठी ठीक.

बिल्टीवर सही करण्याआधी

बिल्टीवर माल 'ओनर्स रिस्क'वर आहे की 'कॅरियर्स रिस्क'वर, हे पाहा. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी 2007 चा कायदा आणि 2011 चे नियम आहेत. त्यानुसार जास्तीचा जोखीम दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडं 1,200 रुपये असेल तर जास्तीत जास्त 12,000 रुपये. झुंबर लाखाचं असलं तरी. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते.

म्हणून किंमत जास्त असेल तर ट्रान्झिट विमा घ्या. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'ए' क्लॉज सगळ्यात व्यापक असतो, तर 'सी' क्लॉजमध्ये आग आणि वीज एवढंच येतं. काचेची फूटतूट धरली आहे ना, हे लेखी विचारा. अपुरं पॅकिंग हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे. तेव्हा पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.

दुकानातून घेतलं असेल तर बिल सोबत हवं. 50,000 रुपयांवरच्या मालाला सहसा ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. घरातल्या वापरलेल्या सामानाला यातून सूट आहे.

परदेशात पाठवायचं असेल तर?

इथे पॅकिंगच्या आधी कायदा येतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. झुंबर मुळात इंग्लंडमध्ये बनलं असलं तरी एवढ्यावरून सूट मिळेल असं धरू नका. ते तसं जुनं नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घ्या. नियम मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. "आजीचं झुंबर न्यू जर्सीला न्यायचंय" हे कारण कस्टम्समध्ये चालत नाही.

शिवाय परदेशी जाणारी पेटी साध्या लाकडाची असेल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. प्लायवुडला तो लागत नाही.

माल पोहोचल्यावर

- खोका दबलेला, ओला किंवा फाटलेला दिसला तर पावतीवर तसं लिहूनच सही करा.
- उघडताना सलग व्हिडिओ काढा. खोका गादीवर किंवा सतरंजीवर उघडा.
- फुटलेले तुकडे आणि पॅकिंगचं सामान विम्याचा पाहणी करणारा येईपर्यंत टाकू नका.
- टांगण्याआधी छताचा हूक तपासून घ्या, जुनी वायरिंग बदला. बल्ब एलईडीचे लावा, ते कमी तापतात.

थोडक्यात

झुंबर सुटं करा. धातू ट्रान्सपोर्टने पाठवा, काच शक्यतो स्वतःसोबत न्या. ते जमत नसेल तर दारातून दारात जाणारी गाडी करा. भाड्यात वाचलेले पैसे फोम, चांगले खोके आणि विमा यांवर खर्च करा. लोलक पुन्हा मिळेल, जुनी हंडी मिळणार नाही.