डासांच्या अंगातील जिवाणू आणि आपले आजार

पावसाळ्यात तापाची साथ सुरू झाली की नवीन पनवेलच्या दवाखान्यांतही एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "एकाच खोलीत झोपतो, मग डास मलाच का चावतात?" या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग जिवाणूंमध्ये आहे. माणूस, डास आणि रोगजंतू यांच्या नात्यात जिवाणूंचाही वाटा असतो.

त्वचेवरचे जिवाणू

ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातील घटकांचे विघटन करतात आणि त्यातून वास तयार होतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि हा वास यांच्या आधारे डास माणूस शोधतो. प्रत्येकाच्या त्वचेवरचे जिवाणू वेगळे, म्हणून डासांची 'आवड'ही वेगळी. "रक्त गोड आहे म्हणून डास चावतात" हा समज मात्र चुकीचा आहे.

डासाच्या पोटातले जिवाणू

डासाच्या आतड्यातही जिवाणूंची वस्ती असते. पुण्याच्या एनसीसीएस संस्थेतील शास्त्रज्ञांनी क्युलेक्स डासाच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास केला आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, तेव्हा त्याला याच जिवाणूंशी सामना करावा लागतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डेल्फ्टिया नावाचा जिवाणू हारमेन हे द्रव्य तयार करून परजीवीची वाढ रोखतो, असे आढळले.

वोल्बाकिया: एकाच जिवाणूच्या दोन भूमिका

वोल्बाकिया हा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत राहतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो सहसा नसतो. प्रयोगशाळेत तो या डासात सोडला, तर डेंग्यूच्या विषाणूची वाढ मंदावते. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर त्या भागांत डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी आढळले. पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेनेही असे डास तयार केले आहेत. वोल्बाकियामुळे माणसाला संसर्ग होत नाही.

हत्तीरोगात नेमके उलटे घडते. विदर्भासह राज्याच्या काही जिल्ह्यांत आढळणाऱ्या या रोगाच्या कृमीच्या शरीरातही वोल्बाकिया असतो आणि त्याच्याशिवाय कृमीची वाढ व प्रजनन नीट होत नाही. म्हणून निवडक रुग्णांत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक काही आठवडे दिले जाते. ते कृमीला आधार देणारा जिवाणू मारते. हे औषध गर्भवती आणि लहान मुलांना देत नाहीत. ते स्वतःहून घेऊ नये. सामुदायिक मोहिमेत मिळणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्यांना ते पर्याय नाही. पात्र व्यक्तींनी, लक्षणे नसली तरी, त्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात.

डेंग्यूत प्रतिजैविक चालते का?

नाही. डेंग्यू विषाणूमुळे होतो आणि प्रतिजैविके विषाणूवर काम करत नाहीत. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

- पोटात तीव्र दुखणे किंवा सतत उलट्या
- हिरड्या, नाक किंवा शौचातून रक्त
- खूप सुस्ती, बेचैनी, हातपाय गार पडणे
- लघवी कमी होणे

ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत नाजूक असतात. "ताप गेला, आता बरे आहे" असे समजून गाफील राहू नका.

घरी काय कराल?

वोल्बाकियाचे डास आपल्या सोसायटीत येण्याची वाट पाहू नका. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचे टायर रिकामे करून घासून घ्या. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसते पाणी ओतणे पुरेसे नाही. टाक्यांची झाकणे घट्ट बसवा. बांधकामाच्या जागी साचलेले पाणी दिसल्यास पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा.