रेबीज नियंत्रण (पनवेल)

पनवेलजवळच कर्नाळ्याचे जंगल असले, तरी भारतात माणसाला रेबीज होतो तो मुख्यतः कुत्र्याच्या चाव्याने. त्यामुळे सरकारी निधीही कुत्र्यांकडेच वळतो आणि ते योग्यच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण स्थानिक संस्थेने, इथे २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने, करायचे असते.

जिथे रेबीज जंगलातून पसरतो, तिथे मात्र वन्यप्राण्यांनाच लस द्यावी लागते. त्यांना तोंडावाटे लस देण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. कोंबडीच्या मुंडक्यात लसीची पुडी दडवून ती रानात टाकत. खोकडाने चावा घेताच पुडी फुटून लस तोंडाच्या अस्तराला लागे. १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त ठरला.

आपल्याकडे मात्र भर कुत्र्यांवरच हवा: शेजारच्या गोव्यात सरकारने ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या श्वान लसीकरणाला पैसा पुरवला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.