वर्डप्रेसमध्ये पानांची मांडणी : उतरंड, मेनू आणि तुटणाऱ्या लिंक

वर्डप्रेसवर नवी साइट तयार होते तेव्हा पाने चार-पाचच असतात आणि ती कशीही ठेवली तरी चालते. पाने पंचवीस-तीस झाली की ती नीट लावायची वेळ येते. मग पाने हलवली जातात, मेनू मात्र होता तसाच राहतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पाठवलेली लिंक उघडेनाशी होते.

याचे कारण म्हणजे वर्डप्रेसमध्ये पानांची उतरंड आणि मेनू या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'पेज' हा प्रकार फेब्रुवारी २००५ मध्ये, १.५ आवृत्तीत आला. हवा तसा मेनू स्वतः बनवण्याची सोय मात्र जून २०१० मध्ये, ३.० आवृत्तीत मिळाली. दोन्ही सोयी वेगवेगळ्या वेळी आल्या आणि आजही त्या बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे चालतात.

उतरंड ठरते ती 'पॅरेंट' या सेटिंगने. समजा, एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या साइटवर 'देणगी' हे सुटे पान आहे. 'उत्सव' हे पान त्याचे पॅरेंट केले, की पत्त्यात 'देणगी'च्या आधी 'उत्सव' येतो, म्हणजे पानाचा पत्ताच बदलतो. याउलट मेनूच्या स्क्रीनवर 'देणगी' ओढून 'उत्सव'च्या खाली लावले, तर ते तिथे दिसते आणि पत्ता जुनाच राहतो. फक्त मेनू आटोपशीर दिसावा एवढेच हवे असेल, तर पॅरेंटला हात लावायची गरजच नाही. नव्या ब्लॉक थीममध्ये 'पेज लिस्ट' वापरली असेल तर गोष्ट वेगळी. ती यादी उतरंडीवरूनच आपोआप बनते.

पत्ता बदलल्यावर जुन्या लिंकचे काय होते, हे जरा विचित्र आहे. पोस्टचा स्लग, म्हणजे पत्त्यातला शेवटचा तुकडा बदलला, तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवते आणि वाचकाला नव्या जागी नेते. पेजच्या बाबतीत ही नोंद ठेवली जात नाही. अशा वेळी ते शेवटच्या तुकड्यावरून अंदाज बांधते. अंदाज कधी बरोबर येतो, कधी भलतेच पान उघडते, तर कधी '४०४'ची सूचना दिसते. शेअर केलेली लिंक पुन्हा पाठवता येते, पण पावतीवर छापलेल्या क्यूआर कोडचे काय करणार?

त्यावर उपाय दोन. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारे रीडायरेक्ट प्लगइनने लावता येते. दुसरा उपाय फारसा कोणी वापरत नाही. प्रत्येक पानाला एक क्रमांक असतो. पान एडिट करताना तो ब्राउझरच्या पत्त्यात दिसतो. साइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, रोमन लिपीत 'पेज_आयडी', बरोबरचे चिन्ह आणि हा क्रमांक लिहिला, की पान कुठेही हलवले तरी तेच उघडते. छापायच्या क्यूआर कोडसाठी हीच लिंक वापरावी.

स्लगबाबत मराठी साइटची आणखी एक अडचण आहे. शीर्षक देवनागरीत असेल तर स्लगही देवनागरीत तयार होतो. अशी लिंक कॉपी केली की बऱ्याचदा प्रत्येक अक्षर-चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हे होतात. 'संपर्क' या छोट्या शब्दाची चोपन्न! स्लगची मर्यादा २०० चिन्हांची असल्याने लांब मराठी शीर्षक मध्येच कापले जाते. म्हणून पान प्रसिद्ध करण्यापूर्वीच स्लग रोमन लिपीत आणि आखूड करून ठेवणे सोयीचे.

पानांचा क्रम 'ऑर्डर'च्या आकड्याने लागतो. सगळ्यांना शून्यच असेल तर पाने शीर्षकाच्या अक्षरक्रमाने येतात. १, २, ३ ऐवजी १०, २०, ३० दिले तर पुढे मध्ये पान घुसवता येते. स्वतः बनवलेल्या मेनूवर या आकड्यांचा परिणाम होत नाही. पॅरेंट, ऑर्डर आणि स्लग हे तिन्ही पानांच्या यादीतल्या 'क्विक एडिट'मधून बदलता येतात, पान उघडावे लागत नाही.

मेनूतून काढलेले पान लपले असे मात्र समजू नये. लिंक असलेल्या कोणालाही ते उघडते आणि गूगलच्या शोधातही येऊ शकते. सभासदांचे फोन क्रमांक असलेले पान खरोखर बंद ठेवायचे असेल, तर त्याची व्हिजिबिलिटी 'प्रायव्हेट' करावी किंवा त्याला पासवर्ड लावावा.